सर्व्हर गेलेला एक जुना ब्राउझर-खेळ पुन्हा सुरू करताना : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

२००३ ते २००५ या काळात मी आणि माझा धाकटा भाऊ ब्राउझरमध्ये फुकट खेळता येणारा एक छोटा रोल-प्लेइंग खेळ खेळत असू. एक गाव, गावामागचे रान, रानापलीकडची खाण आणि आम्ही दोघांनी आळीपाळीने चालवलेले एकच पात्र, एवढाच त्याचा पसारा होता. खेळाचे संकेतस्थळ कधीच बंद झाले आहे. खेळाचे नाव मी या नोंदींत देत नाही, कारण तो हौसेने करणाऱ्या दोघांचा आता माग लागत नाही आणि त्यांची परवानगी माझ्याकडे नाही. जे काही उभे राहील ते माझ्याच संगणकावर राहील.

उद्दिष्ट एकच आहे : खेळ सुरू व्हावा आणि त्यात आमचे जुने पात्र, जिथे सोडले होते तिथून, पुढे चालावे. दुसरा भाग जमला नाही तर पहिल्या भागाला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही.

सुरुवातीला फ्लॅशपॉइंटच्या संग्रहात शोध घेतला. जुने फ्लॅश खेळ (फ्लॅश म्हणजे ब्राउझरमध्ये हलती चित्रे आणि खेळ चालवणारे, आता बंद झालेले तंत्र) जपणारा तो सर्वांत मोठा प्रकल्प आहे आणि तुमचा खेळ त्यात असेल तर खालचे काहीच करावे लागणार नाही, म्हणून पहिली पायरी तीच असावी. आमचा खेळही फ्लॅशवरचा, पण तो तिथे मिळाला नाही. वेळ : अर्धा तास.

५ जानेवारी

त्या काळच्या संगणकाची ४० जीबीची हार्ड डिस्क जपून ठेवलेली होती. ती आयडीई या जुन्या जोडणीची असल्याने यूएसबीला जोडण्यासाठी अडॅप्टर घेतला. डिस्क फिरत होती, तिचा आवाज येत होता, पण संगणकाला ती दिसत नव्हती. दोन तास मी केबल आणि पोर्ट बदलत बसले. शेवटी डिस्कच्या मागच्या बाजूचा जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) पाहिला, तर तो ‘स्लेव्ह’वर लावलेला होता, कारण जुन्या संगणकात ती दुसरी डिस्क होती. अडॅप्टरला ती ‘मास्टर’ म्हणून हवी होती. चिमट्याने जंपर एक घर सरकवला आणि डिस्क लगेच दिसली. जंपरचा नकाशा डिस्कच्या लेबलवरच छापलेला असतो, तो आधी वाचावा.

यानंतर मी जी चूक केली ती अधिक गंभीर होती. डिस्कची प्रत न घेता मी थेट तिच्यातले फोल्डर उघडून पाहू लागले. दहा-बारा मिनिटांत खटखट असा आवाज सुरू झाला आणि एक फोल्डर उघडेनासा झाला. वीस वर्षे पडून असलेल्या डिस्ककडे किती वाचने शिल्लक आहेत हे कोणालाही सांगता येत नाही, आणि त्यातली काही मी नुसत्या उत्सुकतेवर खर्च केली. तिथेच थांबले.

११ जानेवारी

डीडीरेस्क्यू वापरून डिस्कची संपूर्ण प्रतिमा (हुबेहूब प्रत) घ्यायला सुरुवात केली. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि खराब भागाकडे नंतर वळते. पहिल्या वेळी मी त्याला नोंदफाइलचे नाव दिले नाही. चार तासांनी लॅपटॉप झोपी गेला, काम तुटले, आणि कुठवर वाचून झाले याची नोंद नसल्यामुळे सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. दुसऱ्या वेळी नोंदफाइल दिली आणि लॅपटॉपची झोप बंद केली. खराब भागावर ते रात्रभर रेंगाळले, पण सकाळी सुमारे १ एमबी सोडून बाकी सर्व डिस्क हाती आली होती. मूळ डिस्क त्यानंतर मी जोडलेली नाही. पुढचे सर्व काम प्रतिमेवर, तीही फक्त वाचण्यापुरती जोडून, केले.

इंटरनेट एक्सप्लोररच्या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरात खेळाचे अवशेष होते. तिथे मूळ नावापुढे चौकटी कंसात १ हा आकडा जोडलेला असतो, तो काढून टाकावा लागतो. मुख्य फाइल मिळाली, गावाचा नकाशा मिळाला, रानाचे पाचपैकी चार भाग मिळाले. खाण मिळाली नाही.

सेव्ह फाइलही, म्हणजे पात्राची प्रगती साठवलेली फाइल, सापडली. फ्लॅश प्लेअर अशा फाइली ‘मॅक्रोमीडिया’ या फोल्डराच्या पोटात, आठ यादृच्छिक अक्षरांच्या एका फोल्डरात, संकेतस्थळाच्या नावाखाली ठेवत असे. फाइल १ केबीहूनही लहान आहे. हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतला प्रत्येक बाइट दाखवणाऱ्या साधनात) उघडली तेव्हा आकड्यांच्या गर्दीत आमच्या पात्राचे नाव सरळ वाचता आले. भावाने आणि मी दोघांच्या नावांची अक्षरे जोडून ते केले होते. मी तिच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या.

१२ जानेवारी

फ्लॅशची मालक कंपनी अडोबीने २५ जुलै २०१७ रोजी फ्लॅश बंद करण्याची घोषणा केली, ३१ डिसेंबर २०२० रोजी पाठबळ थांबवले आणि १२ जानेवारी २०२१पासून प्लेअरने फ्लॅशच्या फाइली चालवणेच नाकारले. आज त्याला चार वर्षे झाली.

आजचे काम म्हणजे यादी करणे. जेपीईएक्स या मुक्त डीकम्पायलरमध्ये (तयार फाइलीतला प्रोग्राम वाचून दाखवणाऱ्या साधनात) मुख्य फाइल उघडली आणि ती बाहेरून काय काय मागते ते शोधले. खेळ एका फाइलीत आहे असा माझा समज होता. प्रत्यक्षात मुख्य फाइल आणखी २३ फाइली मागवते, आणि त्याशिवाय प्रत्येक लढाईच्या आधी सर्व्हरला विचारते की समोर आलेला प्राणी कोणता, त्याचा जीव किती आणि तो किती मार देतो. हे आकडे खेळाच्या फाइलींत कुठेच नाहीत. ते फक्त सर्व्हरवर होते आणि सर्व्हर आता नाही.

२३ पैकी १४ फाइली कॅशेत, म्हणजे ब्राउझरच्या त्या तात्पुरत्या साठ्यात, मिळाल्या. कॅशेत सर्व्हरची तीन उत्तरेही होती : कोल्हा, लांडगा आणि वटवाघूळ. उत्तराचा साचा त्यामुळे कळला. उरलेल्या प्राण्यांचे आकडे कुठून आणायचे हा प्रश्न आज बाजूला ठेवला आहे.

१८ जानेवारी

उरलेल्या ९ फाइलींसाठी वेबॅक मशीन, म्हणजे जुन्या संकेतस्थळांच्या प्रतींचा संग्रह, धुंडाळले. त्यांच्या सूचीची चौकशी करण्याची एक सोय आहे, जिच्यातून एका पत्त्याखाली साठवलेल्या सर्व फाइलींची यादी एकदम मिळते. एकेक पान उघडून पाहण्यापेक्षा ती वापरावी. ७ फाइली मिळाल्या म्हणून मी खूश झाले आणि आणखी काही न तपासता कामाला लागले. त्यांतल्या दोन उघडेचनात. तासाभराने लक्षात आले की त्या फ्लॅशच्या फाइलीच नाहीत, ‘पान सापडले नाही’ असे सांगणारी साधी एचटीएमएल पाने त्या नावाने साठवली गेली आहेत.

हे एका नजरेत तपासता येते. खरी फ्लॅश फाइल एफडब्ल्यूएस किंवा सीडब्ल्यूएस या तीन अक्षरांनी सुरू होते. पहिली खूण कॉम्प्रेस न केलेल्या फाइलीची आणि दुसरी झेडलिब पद्धतीने कॉम्प्रेस केलेल्या फाइलीची. नंतरच्या काळात झेडडब्ल्यूएस ही तिसरी खूण आली. चौथा बाइट आवृत्तीचा क्रमांक असतो. आमच्या खेळात तो ६ आहे. उतरवलेली प्रत्येक फाइल या तीन अक्षरांसाठी तपासल्याशिवाय ‘मिळाली’ म्हणून लिहू नये.

हिशेब : १४ अधिक ५, म्हणजे १९ फाइली हाती, ४ नाहीत. नसलेल्यांत रानाचा एक भाग आणि खाणीचे तिन्ही मजले आहेत. वेबॅक मशीनसाठी पाने गोळा करणारी यंत्रे पानावरचे दुवे धरून पुढे जात असत. फ्लॅश फाइलीच्या पोटातून मागवलेल्या फाइली त्यांच्या हाती लागणे कठीणच होते. खाण पूर्णपणे त्या पोटात होती.

१९ जानेवारी

खेळ चालवण्यासाठी रफल निवडले. ते रस्ट भाषेत लिहिलेले मुक्त एम्युलेटर (जुन्या प्लेअरची नक्कल करणारा प्रोग्राम) असून ब्राउझरमध्ये वेबअसेंब्ली या ब्राउझरच्याच सोयीच्या साहाय्याने चालते. जुना खरा प्लेअर कुठून तरी उतरवून घेण्याचा मोह टाळावा, कारण अनोळखी ठिकाणांहून मिळणाऱ्या अशा प्रतींसोबत आणखी काय येईल याची खात्री नसते. रफलला ॲक्शनस्क्रिप्टच्या, म्हणजे फ्लॅशच्या प्रोग्राम-भाषेच्या, पहिल्या दोन पिढ्या उत्तम समजतात आणि २००२-०३चे खेळ त्याच पिढ्यांतले असल्यामुळे आपले काम तुलनेने सोपे आहे.

एचटीएमएल फाइलीवर दोनदा टिचकी मारून ती उघडली तर रफल चालत नाही, कारण थेट डिस्कवरून उघडलेल्या पानाला ब्राउझर बाकीच्या फाइली वाचू देत नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेसोबत येणारा साधा सर्व्हर त्या फोल्डरात सुरू केला आणि पान त्याच्यामार्फत उघडले. ५५० बाय ४००ची ती हिरवट चौकट, तिच्यात हलणारे गवत आणि ‘नवा खेळ’ ही कळ दिसली. कळ दाबल्यावर पडदा काळा झाला आणि तसाच राहिला.

२५ जानेवारी

काळ्या पडद्याचे कारण कळले. मुख्य फाइलीत सर्व पत्ते जुन्या संकेतस्थळाच्या पूर्ण नावासह लिहिलेले आहेत, आणि आपण त्या संकेतस्थळावरून चालत नसलो तर खेळ थांबतो. उघड उपाय म्हणून मी डीकम्पायलरमध्ये पत्ते बदलायला घेतले. ते करत असताना, नवी आवृत्ती रफलला अधिक सोयीची पडेल अशा समजुतीने, फाइलीचा आवृत्ती-क्रमांक ६ वरून ८ केला. या एका आकड्याने माझा अख्खा दिवस घेतला.

खेळ सुरू झाला, गाव दिसले, पण अर्ध्या कळा दाबल्या जाईनात. दुकानात गेल्यावर नाण्यांच्या जागी ‘एनएएन’ ही तीन अक्षरे आली, म्हणजे ‘हा आकडाच नाही’. आधी मी रफललाच दोष दिला आणि त्याच्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या उतरवून पाहिल्या. चूक माझी होती. फ्लॅशच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत चलांच्या, म्हणजे प्रोग्राममध्ये किमती साठवणाऱ्या जागांच्या, नावांत लहान-मोठ्या लिपीचा भेद मानला जात नसे. सातव्यापासून मानला जाऊ लागला. ज्यांनी हा खेळ लिहिला त्यांनी एकच नाव कधी लहान तर कधी मोठ्या अक्षराने लिहिले आहे, आणि त्यांच्या काळात ते बिनचूक चालत होते. तसेच, ज्या चलाला किंमतच दिलेली नाही ते सहाव्या आवृत्तीत बेरजेत शून्य धरले जाई. सातव्यापासून त्याने बेरीज बिघडते. नाण्यांच्या बेरजेत असे एक चल होते. रफल फाइलीवरचा क्रमांक वाचून त्या त्या आवृत्तीचे नियम तंतोतंत पाळते, आणि मी त्याला चुकीचा क्रमांक वाचायला दिला होता.

सगळे बदल फेकून दिले. मूळ फाइलींना हात लावायचा नाही, असे आज ठरवले. वेळ : ९ तास, त्यातले ८ वाया.

२६ जानेवारी

फाइल न बदलता तेच साधले. संगणकाच्या होस्ट्स फाइलीत जुन्या संकेतस्थळाचे नाव माझ्याच संगणकाच्या पत्त्याला जोडले आणि सर्व्हर ८० क्रमांकाच्या, म्हणजे संकेतस्थळांच्या नेहमीच्या, पोर्टवर सुरू केला. त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. आता खेळाला तो आपल्या घरीच आहे असे वाटते.

रानाचे दोन भाग तरीही उघडत नव्हते. मूळ सर्व्हर विंडोजवर होता आणि त्याला फाइलींच्या नावातले लहान-मोठे अक्षर सारखेच होते. माझा संगणक लिनक्सवर आहे आणि त्याला तसे नाही. सर्व्हरच्या नोंदीत ‘४०४’ (फाइल सापडली नाही) शोधून त्या त्या फाइलीचे नाव खेळ ज्या रूपात मागतो त्या रूपात केले. वीस मिनिटांचे काम.

१ फेब्रुवारी

लढाईच्या आधीचे ‘थांबा’ हे चित्र संपत नाही. कॅशेत मिळालेल्या लांडग्याच्या उत्तरावरून मी उत्तराची साधी मजकूर-फाइल केली होती आणि तीत सर्व आकडे बरोबर होते. उत्तराच्या शेवटी ‘समाप्ती = १’ अशा अर्थाचे एक चल असते आणि ते आले की खेळ पुढे सरकतो. ते होते. तरी चित्र फिरत राहिले.

मूळ उत्तर आणि माझी फाइल हेक्स एडिटरमध्ये शेजारी शेजारी लावल्यावर फरक दिसला. मूळ उत्तराच्या अगदी शेवटी एक सुटा अँपरसँड (&) होता. तो मला निरर्थक वाटला म्हणून मी गाळला होता. माझा एडिटर फाइलीच्या शेवटी आपणहून एक नवी ओळ घालतो, त्यामुळे खेळाच्या हाती ‘१’ ऐवजी ‘१ आणि नवी ओळ’ पडत होते आणि तुलना फसत होती. शेवटचा अँपरसँड ती नवी ओळ किमतीपासून तोडतो. करणाऱ्यांनी तो विचारपूर्वक ठेवला होता. जुन्या कामात काही निरर्थक वाटले तर काढण्याआधी दोनदा पाहावे, एवढे मी तरी यापुढे करणार आहे.

दुरुस्ती केल्यावरही पहिले दोन तास काहीच बदलले नाही, कारण ब्राउझर जुने उत्तर स्वतःच्या कॅशेतून देत होता. डेव्हलपर साधनांत कॅशे बंद करून ठेवावा आणि काम संपेपर्यंत ते पटल उघडेच ठेवावे.

रात्री पावणेदहाला पहिली लढाई झाली. लांडग्याने आम्हाला मारले.

२ फेब्रुवारी

आज कामाला हात लावला नाही. त्याच काळातले जे खेळ अजून चालू आहेत ते थोडे थोडे खेळून पाहिले, कारण कोणाला नुसता जुना अनुभव ताजा करायचा असेल तर माझ्यासारखे कष्ट घेण्याची गरज नाही. किंग्डम ऑफ लोदिंग २००३पासून चालू आहे. तो साध्या पानांवर आणि काडीचित्रांवर उभा असल्यामुळे कोणतेही प्लगइन बंद पडल्याने त्याचे काही बिघडले नाही; ब्राउझर उघडावा आणि खेळावा. ॲडव्हेंचरक्वेस्ट २००२चा, फ्लॅशवरचा. तो करणाऱ्या कंपनीने स्वतःचा लाँचर (खेळ उघडणारा वेगळा प्रोग्राम) देऊन त्याला चालू ठेवले आहे. रूनस्केप जानेवारी २००१मध्ये जावा ॲपलेट (वेबपानात चालणारा छोटा जावा प्रोग्राम) म्हणून सुरू झाला. त्याचे ‘ओल्ड स्कूल’ रूप २०१३मध्ये परत आले ते ऑगस्ट २००७ची एक जुनी प्रत कंपनीकडे शिल्लक होती म्हणून.

या तिन्ही खेळांना मालक आहे. ज्यांना मालक उरला नाही त्यांच्या सर्व्हरवर काय होते हे खेळणाऱ्यांनी कुठे लिहून ठेवले असेल तरच कळते.

८ फेब्रुवारी

बाकीच्या प्राण्यांसाठी तात्पुरती उत्तरे करून ठेवली, तर रानात पाऊल ठेवेल तिथे रानडुक्करच समोर येऊ लागले. खेळ प्राण्याचा क्रमांक पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हापुढे जोडून पाठवतो. पायथनचा साधा सर्व्हर प्रश्नचिन्हापुढचे सगळे सोडून देतो आणि दर वेळी तीच एक फाइल देतो. तीस-पस्तीस ओळींचा स्वतःचा सर्व्हर लिहिला, जो तो क्रमांक वाचून त्या क्रमांकाची मजकूर-फाइल परत करतो. दीड तास लागला आणि हा भाग पहिल्या प्रयत्नात जमला.

आकड्यांचा प्रश्न मात्र आता टाळता येण्यासारखा नव्हता. भावाला फोन केला. त्याला मी महिनाभर काहीच सांगितले नव्हते, काम फसले असते तर त्याला उगाच हुरहूर लागली असती म्हणून. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “ताई, माझी वही आहे अजून.”

मला ती वही आठवत होती, पण ती अजून असेल असे वाटले नव्हते. कळा दाबण्याचे काम माझे असे आणि तो शेजारी बसून पाठकोऱ्या कागदांच्या शिवलेल्या वहीत पेन्सिलीने लिहीत असे. त्याने संध्याकाळी अकरा पानांची छायाचित्रे पाठवली. प्राण्याचे नाव, आम्ही घातलेल्या प्रत्येक घावाचा आकडा, त्यांची बेरीज आणि शेवटी काय पडले, असे चार रकाने आहेत. काही ठिकाणी बेरीज खोडून पुन्हा केली आहे.

९ फेब्रुवारी

वहीतून आकडे काढण्याची रीत सविस्तर लिहिते, कारण कोणाकडे अशी टिपणे असतील तर ती उपयोगी पडेल. खेळात प्राण्याचा जीव आकड्यात दिसत नाही, फक्त पट्टी दिसते. भावाने घावांची बेरीज करून तो ठरवला होता आणि रानडुकरासमोर ४८ असे लिहून त्याला गोल केले होते. मी आधी ४८ हाच आकडा घातला. तो चूक आहे. शेवटचा घाव बहुतेक वेळा गरजेपेक्षा मोठा असतो, म्हणून प्रत्येक बेरीज ही खऱ्या आकड्याएवढी किंवा त्याहून जास्त असते.

त्याच पानावर रानडुकराच्या चार पूर्ण लढाया आहेत. बेरजा ४८, ५१, ४६ आणि ५०. शेवटचा घाव वगळल्यावर त्या ४०, ४४, ३७ आणि ४३ होतात. ४४ एवढा मार खाऊनही ते जिवंत होते आणि ४६ मध्ये ते मेले, म्हणजे खरा आकडा ४५ किंवा ४६. कॅशेत मिळालेल्या तिन्ही खऱ्या उत्तरांत जीव २०, ३५ आणि ६० असा पाचाच्या पटीत आहे, म्हणून ४५ घेतला. या रीतीने आठ प्राण्यांचे आकडे बसले. दोन प्राण्यांची एकेकच लढाई नोंदलेली असल्याने त्यांचा अंदाज सैल आहे, आणि त्या फाइलींच्या नावात मी तसे नोंदवले आहे.

रानडुक्कर मेल्यावर त्याचा सुळा पडण्याचे (म्हणजे आम्हाला मिळण्याचे) प्रमाणही तसेच काढले. ३१ लढायांत ९ सुळे पडले होते, म्हणून शंभरात ३० धरले.

एक बारीक चूक : ‘तलवार +१’ असे लिहिलेले खेळात ‘तलवार १’ असे दिसत होते. या साच्यात अधिकचे चिन्ह म्हणजे मोकळी जागा असते. खरे अधिकचे चिन्ह हवे असेल तर टक्क्याचे चिन्ह, २ आणि बी अशा संकेताने लिहावे लागते.

१५ फेब्रुवारी

गावातल्या म्हाताऱ्याला दहा सुळे आणून देण्याची एक कामगिरी आहे. चाचणीसाठी नव्या पात्राला दहा सुळे मिळवून दिले आणि ते म्हाताऱ्याला दिले, तर सर्व्हरने ‘५०१’ (ही पद्धत मला येत नाही) दाखवले. लढाईची माहिती खेळ साध्या पद्धतीने मागतो, पण कामगिरीचा निकाल ‘पोस्ट’ पद्धतीने पाठवतो आणि माझ्या सर्व्हरला ती शिकवलेलीच नव्हती. सात ओळींची भर घातली. त्या उत्तरात खेळ दोन गोष्टींची वाट पाहतो, बक्षिसाची नाणी आणि म्हाताऱ्याचे बोलणे. दोन्ही सर्व्हरवर होत्या. कॅशेत त्या नाहीत, कारण ही कामगिरी आम्ही कधी पूर्ण केली नव्हती.

१६ फेब्रुवारी

सेव्ह फाइल बसवली. रफल खेळाच्या सेव्ह ब्राउझरच्या साठ्यात ठेवते, आणि उजव्या टिचकीच्या यादीतल्या सेव्ह मॅनेजरमधून त्या बदलता येतात. पण तिथे आधी काहीतरी असावे लागते, तरच बदलण्याची सोय दिसते. म्हणून प्रथम नवे पात्र करून ते साठवावे, मग त्याच्या जागी जुनी फाइल द्यावी आणि पान पुन्हा उघडावे. हा साठा पत्त्याशी बांधलेला असतो. २५ जानेवारीला दुसऱ्या पत्त्यावरून खेळून केलेले चाचणीचे पात्र इथे दिसले नाही तेव्हा मी क्षणभर घाबरले होते.

पान उघडले. सतरावी पातळी, ३१२ नाणी, पिशवीत नऊ सुळे. पात्र खाणीच्या दारासमोर उभे होते. पडद्याचे छायाचित्र भावाला पाठवले. त्याने उत्तरादाखल वहीच्या शेवटच्या पानाचे छायाचित्र पाठवले. त्यावर सुळ्यांच्या नऊ उभ्या रेघा आहेत आणि पुढे ‘आणखी १’ असे लिहिले आहे.

२२ फेब्रुवारी

भाऊ आला होता. या वेळी कळा त्याने दाबल्या आणि मी लिहीत बसले. खाणीचे दार उघडत नाही, कारण त्याच्या आतल्या तीन फाइली नाहीत. मी तिथे ‘हा भाग उपलब्ध नाही’ असे सांगणारी साधी पाटी ठेवली आहे. आम्ही मागे वळून रानात गेलो. पहिल्या तीन रानडुकरांकडून काही पडले नाही. चौथ्याच्या वेळी आमचा जीव सहावर आला होता. सुळा पडला.

म्हाताऱ्याकडे जाण्याआधी त्या उत्तरात काय लिहायचे यावर आमचे बोलणे झाले. तो म्हणाला, “काहीतरी लिही ना ताई, नुसते ‘शाब्बास’ तरी लिही.” मला ते पटले नाही. रानडुकराचा आकडा आम्ही काढला त्याला वहीतल्या चार लढायांचा पुरावा आहे. म्हातारा काय म्हणत होता याला कसलाच पुरावा आमच्याकडे नाही, आणि मी आज लिहिलेले वाक्य उद्या कोणालाही, मलासुद्धा, मूळचेच वाटू लागेल. त्याने थोडा विचार केला आणि ते मान्य केले.

सुळे दिले. पिशवीतून दहाही गेले, नाणी ३१२ राहिली, आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावर बोलण्याची पांढरी चौकट उघडली ती रिकामी. न आलेला मजकूर सहाव्या आवृत्तीत रिकामाच दिसतो आणि न आलेला आकडा शून्य धरला जातो, त्यामुळे खेळ कुठेही अडला नाही. बाराव्या क्रमांकाच्या त्या उत्तर-फाइलीत सध्या फक्त समाप्तीची खूण आणि तिच्यामागचा अँपरसँड आहे.